थोरलीचा गळा

"गौरे, आजपास्नं तू तंबोरा धर. पद उमा म्हणंल."

मठातून आलेल्या मंडळींच्या देखत, ओसरीवर बसून महांतप्पांनी हे शब्द अगदी सावकाश उच्चारले. माजघराच्या दाराआड चहाचे पेले घेऊन उभी असलेली त्यांची थोरली लेक गौराबाई तिथंच थबकली. मागच्या सोमवारी, श्रावणातल्या भरल्या मठात, अप्पांनीच रचलेलं शिवाचं पद म्हणताना वरच्या षड्जावर तिचा आवाज नेहमीसारखा दुभंगला होता आणि पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी फिसकन हसलं होतं. ते हसू तिनं गिळलं होतं. पण आज खुद्द अप्पांनीच...

तिनं पेले पुढं नेऊन ठेवले आणि पदर सावरून एवढंच म्हणाली, "बरं, अप्पा."

तेरमध्ये महांतप्पांचं कापडाचं दुकान होतं. पण गावात त्यांचा मान होता तो त्यांच्या कानासाठी. कुणाचा स्वर केसभर ढळला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. गौरा त्यांची थोरली. कोवळ्या वयात कपाळाचं कुंकू पुसून ती माहेरी परतली आणि त्याच वर्षी तिची आई, मल्लम्मा, तापानं गेली. मागं राहिली लहानगी उमा. तिला न्हाऊ-माखू घालणं, तिच्या अंगाईला आई होणं, हे सारं गौराच्या ओंजळीत पडलं. तिचा पुन्हा पाट लावून द्यायला मठाचे मानकरी महालिंगप्पा स्वतः स्थळ घेऊन आले होते. "उमी हाताशी येऊ द्या," असं म्हणून गौरानं त्यांना परत पाठवलं, आणि तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

उमाचा गळा मात्र देवानं फुरसतीत घडवलेला! सोलापूरहून शिकवायला येणारे मास्तर म्हणायचे, हा गळा म्हणजे तासून काढलेला संगमरवर आहे, बोट फिरवलं तर कुठं अडखळायचं नाही. थोरलीबद्दल विचारलं तर ते मान हलवायचे. "सूर पक्का आहे हो, पण आवाजाला चीर आहे. ती मेहनतीनं बुजत नाही."

त्या दिवसापासून गौरा उमाच्या मागं बसू लागली. पहाटे तीच बहिणीला उठवायची, कोमट पाणी द्यायची, एखादी जागा निसटली तर बोटानं मांडीवर ठोका देऊन दाखवायची. कारण प्रत्येक पद तिला उमाच्या आधी पाठ असायचं. उमा गाऊ लागली की लोक भान हरपायचे, अप्पांची मान अभिमानानं ताठ व्हायची, आणि गौराच्या अंतःकरणात एकाच वेळी अमृत आणि विष कालवलं जायचं... आपणच वाढवलेल्या लेकराचं कौतुक कुणाला नको असतं? पण आपल्याही गळ्यात काहीतरी कोंडून पडलंय, हे कुणाला सांगावं? ती जात्यावरसुद्धा गाईनाशी झाली. आवाज फुटला तर अप्पा दुकानातून ऐकतील, या एका भयानं तिनं ओव्याही ओठांतल्या ओठांत म्हटल्या.

अशी वर्षं गेली. अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, दुकानातलं कापड ते बोटांनी ओळखू लागले. आणि मग अठ्ठेचाळीस सालचा तो उन्हाळा आला. निजामाचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं. रझाकारांच्या नुसत्या वार्तेनं गावंच्या गावं रिकामी होत होती. एके सकाळी शेजारचा ईरण्णा बैलगाडी जुंपून दारात उभा राहिला आणि अप्पांना म्हणाला, "अण्णा, आता थांबू नगा. येडशीचा घाट उतरून बार्शीकडं जाऊ. तिकडं हिंदुस्थानचं राज्य हाय."

अप्पांना गाडीत बसवून दोघी बहिणी मागून चालू लागल्या. घाटाखाली माणसांची आणि गाड्यांची एकच रीघ लागली होती. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "आले, आले!" कोण आलं, कुठून आलं, काही कळायच्या आत बैल उधळले, माणसं वाट फुटेल तिकडं पळाली, आणि धूळ खाली बसली तेव्हा ईरण्णाची गाडी दिसेनाशी झाली होती.

ईरण्णा त्यांना भेटला तो बार्शीच्या अलीकडच्या छावणीत, डोक्याला फडकं बांधलेला. तो गौराच्या पायांशीच बसला. "गाडी उलथली, अक्का. म्या शुद्धीवर आलो तर अण्णा तिथं न्हवते. कुणी म्हनलं, एका म्हाताऱ्याला दुसऱ्या गाडीत घातलं. कुठं नेलं, ठाव न्हाय."

छावणी म्हणजे माणसांचा सागर होता. आंब्याच्या राया, सरकीची गोदामं, देवळं, शेतं... जिकडं पाहावं तिकडं आपलं माणूस हरवलेली माणसं. "अप्पा" म्हणून हाक मारावी तर चार म्हातारे वळून बघायचे. दोघी पाय सुजेपर्यंत हिंडल्या. शेवटी उमाच म्हणाली, "अक्का, अप्पांना दिसत न्हाय, पण ऐकू येतंय की! म्या गाते. माझा आवाज कानावर पडला तर ते कुठनं बी येतील."

छावणीच्या कडेला महादेवाचं देऊळ होतं. त्याच्या पायरीवर बसून उमानं अप्पांचंच पद सुरू केलं. 'उजळली गं ज्योत शिवाच्या गाभारी...' त्या उजाड माळावर तिचा निर्दोष, निर्मळ स्वर असा पसरला, की रडणारी लेकरं गप्प झाली, बायांनी डोळ्यांना पदर लावले. रोज संध्याकाळी ती गायची आणि रोज माणसांचा घोळका वाढायचा. पण अप्पा आले नाहीत.

मग एक दिवस पद संपवून उमा गौराच्या कुशीत कोसळली. "न्हाईत, अक्का. अप्पा न्हाईत आता... असते तर आले नसते का?"

तिच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता गौराच्या मनात एक विचार आला आणि ती स्वतःच दचकली. इतक्या वर्षांत या गळ्यातून स्वर निघाला नव्हता. ज्या बापानं तो बंद केला, त्यालाच शोधायला तो उघडायचा? आणि एवढ्या माणसांत पुन्हा कुणी हसलं तर? मग ती उठून पायरीवर उभी राहिली.

पहिली ओळ घोगरी निघाली. उमाचं गाणं ऐकून उठू लागलेली माणसं मागं वळून पाहू लागली. दोन पोरी एकमेकींकडं बघून हसल्यासुद्धा. गौरा थांबली नाही. अंतरा आला, वरचा षड्ज आला, आणि आवाज दुभंगला... जणू एकाच गळ्यातून दोन बाया गात होत्या, एक उजेडातली आणि एक अंधारातली. ती चीर झाकायला ती खाली उतरली नाही. तिथंच उभी राहिली, स्वर धरून, अश्रू गालांवरून वाहत असताना.

सरकीच्या गोदामाकडून गलबला झाला. भिंतीला हात लावत, ठेचकाळत, दाढी वाढलेला एक वृद्ध बाहेर येत होता. कुणी हात धरू पाहिला तर तो झिडकारत होता. "सोडा मला. माझी गौरा हाय ती. माझी थोरली लेक गातीया!"

ती धावली. अप्पांनी दोन्ही हातांनी तिचा चेहरा चाचपला आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून ते लहान पोरासारखे रडू लागले. उमा मागून येऊन अप्पांच्या पायांना बिलगली.

"अप्पा, म्या रोज गात होते. तुमाला ऐकू न्हाय आलं?"

"आलं की, बाळ. रोज ऐकलं. तापात पडल्या पडल्या ऐकलं. शबुद कळत न्हवते, नुसता सूर यायचा." अप्पा कष्टानं म्हणाले. "लई गोड. पन मला वाटलं, कुठल्या तरी हाटेलात फोनोची तबकडी लावलीया."

उमाचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या साऱ्या साधनेवरून कुणी ओला बोळा फिरवावा तशी ती मागं सरकली. गौरानं तिला जवळ ओढलं.

"मन खट्टू करू नगंस. तुजं गानं समद्या जगानं ऐकावं असं हाय, उमे. माजं आपल्या मानसानं वळखावं एवढंच."

"न्हाय," अप्पा एकदम म्हणाले. "एवढंच न्हाय. आज मला बोलू द्या."

ते गोदामाच्या ओट्यावर बसले. गौराचा हात त्यांनी सोडला नव्हता.

"लोक हसले म्हनून म्या तुला गप केलं न्हवतं, गौरे. तुजा सूर कवाच चुकला न्हवता, हे माज्या कानाला ठाव होतं. पन तुज्या अव्वाचा, मल्लम्माचा गळा असाच होता. जात्यावर बसली की असाच वर जाऊन फाटायचा. ती गेली, अन् तू गायला लागलीस की ती माज्यासमोर येऊन हुबी राहायची. मला सोसंना. म्या दोष माज्या काळजाचा झाकला अन् चारचौघांत तुज्या गळ्यावर लावला. एवढी वर्सं लावला."

आपल्या गळ्यातली ती चीर म्हणजे आईनं मागं ठेवलेली ठेव होती, आणि तिलाच आपण कलंक समजून जन्मभर लपवत राहिलो... तिच्या छातीत काहीतरी हलकेच मोकळं झालं. राग यायला हवा होता, आणि तो आलाही. पण त्या म्हाताऱ्या हाताकडं पाहता पाहता तो विरघळून गेला.

"अप्पा," ती अखेर म्हणाली, "आता म्या गप राहायची न्हाय."

"राहू नगंस," अप्पा म्हणाले.

भोवती बरीच माणसं जमली होती. छावणीची व्यवस्था पाहणारे नारायणराव नावाचे एक शिक्षक पुढं झाले आणि आदरानं म्हणाले, "आजोबा, देवळात इतके दिवस गाणाऱ्या त्या बाई तुमच्याच कन्या का? काय सुरेल गळा आहे हो!"

"दोघी बी माज्याच." अप्पांनी डोळे पुसले आणि ताठ बसले. "धाकटीचं गानं तुमी ऐकलं. लाखात एक हाय. आता माज्या थोरलीचं ऐका. तिचा आवाज वर जाऊन फाटंल. तवा कुनी हसू नगा. तिथंच नीट कान द्या."

गौरानं पदर खोचला, मान वर केली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, कुणाच्याही मागं न बसता, अप्पांच्या पुढ्यात उभी राहून तिनं स्वर लावला.