तुरीच्या दाण्याएवढा उजेड

"बाई, उत्तमरावचा मळा कुठी हाय?"

अमरावतीच्या कापूस बाजाराबाहेर गाड्यांची अशी कोंडी झाली होती की बैलांची शिंगं एकमेकांत अडकत होती. कापसाचे पुंजके सगळीकडे उडत होते... जमुनाच्या पदरावर, तिच्या रिकाम्या झालेल्या फुलांच्या टोपलीत, आणि विचारणाऱ्या त्या माणसाच्या मिशीवरसुद्धा. खांद्यावरची लाकडी पेटी त्यानं अशी जपून धरली होती, जणू आत अंडी होती.

"काय काम हाय त्यायच्याकडे?"

"ते त्यायलेच सांगतो."

"मंग लय लांब जा लागन तुमाले," जमुना म्हणाली. "भादव्यात गेले ते. मी त्यायची पोरगी."

मिशी झटकायला वर गेलेला त्याचा हात तसाच थांबला. गेले तीन महिने येणारा-जाणारा जे जे बोलत होता, त्यातलं एकही वाक्य तो बोलला नाही, हे जमुनाच्या ध्यानात राहिलं.

त्याचं नाव चंद्रभान. मूळचा अचलपूरचा, जमुनासारखाच फूलमाळ्याच्या घरातला. पण आता रेल्वेची वाट आखणाऱ्या साहेबाच्या हाताखाली होता. तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा लोकांनी बैलांची शिंगं चांदीनं मढवली. उत्तमरावांनी त्याच साहेबाकडून दुर्बीण घेतली. गाडीच्या धुरेएवढी लांब, पितळेची. मळा वलगावच्या रस्त्यावर होता, तो अख्खा रस्ता हसला होता. दुर्बिणीसोबत डोळ्याशी लावायचं एकच भिंग आलं होतं. "पेटीतलं आणखी एक, तुमच्या पसंतीचं, मागून देईन," असं साहेबानं कबूल केलं होतं. ती पेटी आता आली होती.

"पसंत करणारा तर गेला," जमुना म्हणाली.

"तुमी पाहत नाही?"

ती पाहत होती. रोज पाहत होती. कुंकू पुसून माहेरी आल्याला सात-आठ वर्षं झाली होती, आणि बाबा गेल्यावर मळ्यात आत्याशिवाय बोलायला कोणी उरलं नव्हतं. पण हे बाजारात उभं राहून कोणाला सांगायचं? "चला," एवढंच ती म्हणाली.

मळ्यात आत्या, मनकर्णाबाई, बाजेवर बसून कापसातली सरकी काढत होती. पाहुण्याला तिनं पायापासून पागोट्यापर्यंत पाहून घेतलं.

"पेटीत काय हाय? बांगड्या?"

"भिंगं हायेत, आत्याबाई."

"हात्तिच्या!"

मेंढीच्या कातड्याखाली झाकलेली दुर्बीण जमुनानं उघडी केली. "सगळ्यात मोठं दाखवते ते द्या."

"ते तर तुमच्यापाशी हायेच. काय दिसते त्यातून?"

जमुनानं पितळी नळीवरून हात फिरवला. काय दिसतं? एक तारा. एकटा. तोही नीट पाहीपाहीपर्यंत कडेला सरकून पळून जाणारा. बाबा हाक मारायचे, "जमुने, लवकर ये, पळाला!" आणि ती वाकेपर्यंत तिथं नुसता काळोख असायचा. इतक्या दिवसांत बापलेकींनी एकच तारा एका वेळी कधी पाहिलाच नव्हता.

"मोठं दाखवणं निराळं, पुष्कळ दाखवणं निराळं," चंद्रभान हलकेच म्हणाला. "मी सांगतो ना... पण आभाळ तर उघडलं पाहिजे."

आभाळ उघडलं नाही. मार्गशीर्षात कधी नव्हे ते मळभ दाटलं. साहेबाचा तळ बडनेऱ्याला पडला होता. चंद्रभान रोज दिवस कलला की चालत यायचा, वर पाहायचा, हसायचा आणि शेवंतीच्या वाफ्यांना पाणी द्यायला लागायचा. माळ्याचा हात होता, पाणी कुठं वळवायचं ते त्याला सांगावं लागत नव्हतं.

"आज बी ढगच," जमुना म्हणायची.

"हो ना. लय वाईट झालं."

"वाईट झालं म्हणता अन् हसून काहून राहिले?"

"मी कुठी हासून राहिलो?"

"ह्या ढगायले काय तूच आवतन देतं का रे?" आत्या बाजेवरून विचारायची. तेव्हा मात्र तिघंही हसायची. त्या मळ्यात हसण्याचा आवाज जमुनालाच अनोळखी वाटायचा.

बोलता बोलता कळलं, त्याची बायको पटकीच्या साथीत गेली होती. त्यानंतर तो नुसता वाट आखत फिरत होता. "जिथं गाडी जाईन तिथं खुंट्या ठोकत जातो," तो म्हणाला. "पण मले कुठी जाचं हाय, ते कोणी आखून देल्लं नाही." मग आपण जास्त बोललो असं वाटून त्यानं मोट बघायला जायचं निमित्त काढलं.

आणि मग एका दुपारी वारा सुटला, मळभ फाटलं, नि संध्याकाळी चंद्रभान आला तो पायातली धूळही न झटकता म्हणाला, "उद्या तळ हालते. नागपूरकडे."

जमुनानं कातडं बाजूला केलं.

अजून उजेड होता. दुर्बीण त्यानं उघड्या आभाळाकडे वळवली, एकेक भिंग लावलं आणि मागं पांढरा कागद धरला. कागदावर उजेडाचा वाटोळा ठिपका पडला. घरातल्या भिंगाचा ठिपका तिळाएवढा. पेटीतल्या पहिल्याचा ज्वारीएवढा, दुसऱ्याचा तुरीएवढा, तिसऱ्याचा हरभऱ्याएवढा. आत्याच्या डब्यातले दाणे आणून जमुनानं खरंच शेजारी ठेवून पाहिले.

"ठिपका मोठा तसं आभाळ जास्त. पण डोळ्याच्या बाहुलीत मावन एवढाच घ्या लागते. बाकी उजेड गालावर सांडून वाया जाते." तो थांबला. "म्हणून... तुमची बाहुली पहा लागन."

"पहा ना मग."

"जवळून पहा लागन."

दिवेलागणीची वेळ. छपराच्या सावलीत ती उभी राहिली. हरभऱ्याचा दाणा चिमटीत धरून त्यानं तो तिच्या डोळ्याशेजारी आणला. त्याच्या बोटांना शेवंतीचा वास होता.

"हालू नका."

"मी नाही, तुमीच हालून राहिले."

"हरभऱ्याएवढी," तो म्हणाला, आणि मग उगाचच थोडा वेळ पाहत राहिला.

"आता तुमी हालू नका," जमुनानं तुरीचा दाणा उचलला. त्याच्या कानाजवळ दोन-चार पांढरे केस होते. "तुमची तुरीएवढीच."

"वय झालं."

"दोघायचे डोळे मोजून झाले असन तं सरकी निवडू लागा," आत्या ओरडली.

अंधारलं. पूर्वेला कृत्तिका वर आल्या होत्या. त्यानं हरभऱ्याचं भिंग लावलं, आणि जमुना वाकली.

सगळ्या होत्या. नुसत्या सहा-सात नाहीत, बारीक बारीक कितीतरी, आणि सभोवती पुष्कळ काळोख, एकीलाही पळायची घाई नाही. ती किती वेळ वाकून होती, तिचं तिलाच कळलं नाही. गालावर ओलं लागलं तेव्हा तिनं पदर लावला.

चंद्रभाननं वाकून पाहिलं. "मले जराशी मंद दिसतात. माझ्या बाहुलीत एवढा उजेड मावत नाही. पण तुमच्यासाठी हेच भिंग." मग तो सरळ उभा राहिला. "जमुनाबाई... आपल्यात पाट लागते, बाईचं दुसरं लगन होते. मी विचारू का तुमच्या घरी?"

आत्याच्या हातातली सरकी थांबली.

जमुनाला वाटलं, नाही म्हणणं किती सोपं आहे. एकटं राहणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. त्यात काही हरवायचं उरलं नव्हतं. हो म्हटलं, तर उद्यापासून वाट पाहावी लागेल. रस्त्यावरून येणाऱ्या प्रत्येक पावलाकडे कान लागेल. आणि माणसं जातात, तीही न सांगता जातात, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

दुर्बिणीतून हरभऱ्याचं भिंग तिनं काढलं आणि पेटीत ठेवलं. चंद्रभानचा चेहरा उतरलेला तिला अंधारातही दिसला. मग चाचपडत तिनं तुरीएवढ्या उजेडाचं भिंग उचललं, दुर्बिणीत बसवलं, आणि पेटीचं झाकण लावून पेटी त्याच्या हातात दिली.

"हे ठेवलं मी."

"पण... याच्यातून कृत्तिका काठोकाठ बसतात. तुमाले कमी दिसन."

"थोडं कमी दिसन," जमुना म्हणाली. "पण तुमी याल तवा दोघायले सारखं दिसन."

तो पेटी धरून उभाच राहिला.

"भादव्यात बाबाचं वर्ष होईन," ती म्हणाली. "मंग मोठ्या माणसायले घेऊन या. आमच्या आत्याले विचारा. ती नाही म्हणन पयले, तिकडे ध्यान देऊ नका."

"मी काहून नाही म्हणन व?" आत्या बाजेवरून म्हणाली, आणि नाक ओढत पुन्हा सरकी काढायला लागली.