शनिवारी निवडलेली पिकअप

"मार्तंडराव, खाली या! तुमच्या ह्या गाडीनं वाट लावली आमची!"

रविवारची सकाळ. मुलुंडच्या चाळीसमोर सहदेव बोंबलत होता. शेजारी राखी रंगाची पिकअप काळा धूर ओकत उभी होती.

निवृत्त मोटार-इन्स्पेक्टर मार्तंड कर्णिक बनियनवरच खाली उतरले. डोकं आधीच फिरलेलं. कारण सहदेवसाठी ही गाडी त्यांनी स्वतः निवडली होती. काल घाटकोपरला, नंदकुमारच्या गॅरेजात, दोन तास चाकांखाली लोळून. लष्करानं विकायला काढलेल्या दोन सारख्याच पिकअप तिथं होत्या. त्यातली ही धूर काढत नव्हती, ऑइल पीत नव्हती.

सहदेवनं गिरणी सोडली होती. उद्यापासून विक्रोळीच्या कारखान्यात साठ माणसांचं जेवण पोचवायचं. पहिल्याच दिवशी चुकलं, तर काम दुसऱ्याला.

"गाडी आणली कोणी?"

"ह्यानं!" सहदेवनं दशरथची कॉलर अशी ओढली की ती टरकन फाटली. दशरथ गॅरेजचा मेकॅनिक, सहदेवच्याच गावचा. "गावचा म्हणून तुझ्यावर विश्वास ठेवला, मेल्या!"

"सोड त्याला! दशरथ, निघतानाच खोकत होती?"

"होय साहेब. शेट म्हणाले, थंड आहे, तापली की सुटेल."

"काल संध्याकाळी गॅरेजात कोण होतं?"

"शेट एकटेच. मला पाचलाच घरी पाठवलं."

मार्तंडरावांनी नंबराची पाटी पाहिली. आकडे बरोबर होते, पण स्क्रूंवर ताजे ओरखडे होते. मग बॉनेटवरचा टिळा त्यांनी बोटानं पुसला. बोट केशरी झालं, तेलकटही.

"मालन, काल गॅरेजात गाडीला टिळा लावलास, तो कशाचा गं?"

"हळद आणि कुंकू," सहदेवची बायको म्हणाली. "नव्या वस्तूला दुसरं काय लावतात?"

"तेलात कालवून?"

"काहीतरीच काय! पाण्याचं बोट."

"दशरथ, गॅरेजात मारुतीची मूर्ती आहे ना?"

"आहे. शेट दर शनिवारी शेंदूर लावतात. डबी कपाटात, कुलपात. आम्हाला हात लावू देत नाहीत."

मार्तंडरावांच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली. "बसा सगळे ह्या खटाऱ्यात!"

घाटकोपरच्या गॅरेजात नंदकुमार शेट गल्ल्यावरून उठलासुद्धा नाही. "तुम्हीच पास केलीत, साहेब. गडबड असेल तर ह्या दशरथची."

"गप्प बस! काल आम्ही गेल्यावर तू नंबराच्या पाट्या बदलल्यास. चांगली पिकअप ठेवलीस, खटारा पाठवलास. पण बॉनेटवर टिळा हवा. बायकांचा करंडा इथं कुठला? मग मारुतीचा शेंदूर फासलास. कपाटाची किल्ली तुझ्याकडे, दशरथकडे नाही. आणि खाली हळद लावायची अक्कल तुला नव्हती!"

"पुरावा?"

मालननं मागच्या गाडीवरची ताडपत्री खसकन ओढली. दुसऱ्या पिकअपचं बॉनेट घासून पुसलेलं होतं. कुंकू गेलं होतं. हळदीचा पिवळा डाग मात्र तसाच होता.

नंदकुमारचा चेहरा उतरला. "न्या ना गाडी, वहिनी. पोलीस कशाला उगाच?"

"गाडी नेणारच," मालन कडाडली. "ती शेंदराची डबीपण काढ. देवाचा शेंदूर चोरीला लावतोस? चौकीवर दाखवते!"

सहदेव मान खाली घालून दशरथसमोर आला. दशरथची कॉलर अजून फाटलेलीच होती.

"दशरथा, चुकलं रे माझं. उद्या सकाळी विक्रोळीला गाडी तू चालवशील?"

दशरथनं त्याच्याकडे बघितलंही नाही. "आधी कॉलर शिवून दे," म्हणाला आणि गाडीची किल्ली उचलली.