हिरव्या वायरीवरचा निरोप

एकाच कॉम्प्युटरला दोन वेगळ्या जाळ्यांच्या वायरी जोडलेल्या तुम्ही कधी पाहिल्या आहेत का? हिंगणीजवळच्या आमच्या गावात, वनसमितीच्या खोलीत, तसा एक आहे. हिरवी वायर जंगलातल्या कॅमेऱ्यांची, निळी बाहेरच्या इंटरनेटची. हिरवीवर वाघ दिसला की मी बटण दाबायचं. निरोप निळीवरून जातो आणि शेतांमधले भोंगे वाजतात. तिकडे मोबाइल लागत नाही, म्हणून ही सोय.

त्या दिवशी कापसाची वेचणी होती. माझी सून अंकिता बायांबरोबर जंगलाला लागून असलेल्या वावरात गेली होती. दुपारी विजेची लाइन गेली, थोड्या वेळानं आली. दिवस बुडताना पडद्यावर वाघ दिसला, त्याच वावराच्या वाटेवर. मी बटण दाबलं. 'निरोप पोचला' असं उमटलं.

पण भोंगा वाजला नाही. खिडकीबाहेर अंधार उतरत होता. कुत्रीसुद्धा गप्प होती.

वायरींचं काम करणाऱ्या नागसेनला मी फोन लावला.

"मावशी, लाइन गेल्यावर कॉम्प्युटरनं रस्ता बदलवला असन. निरोप कोणत्या वायरीनं गेला, पाहा बरं."

"हिरवीनं…"

"मंग तो जंगलात गेला ना! तिकडं नुसते कॅमेरे हायेत. निरोप घ्याले कोणीच नाई."

"पण पोचला म्हणते ना रे…"

तो हळूच म्हणाला, "हिरवी उपसा. अन् पुन्हा दाबा."

मी उपसली, दाबलं. लांब कुठेतरी भोंगा ओरडला. मी तशीच अनवाणी पळत सुटले, तर बाया गावाच्या तोंडाशी आलेल्या, डोक्यावर कापसाची गाठोडी. मी अंकिताला घट्ट धरलं. जिवात जीव आला.

"काऊन वो आत्याबाई, एवढ्या भेल्या? तुमीच तं त्या बुढ्याले पाठवलं."

"कोणत्या बुढ्याले?"

"घोंगडीवाल्या. वावराच्या कडेले धुऱ्यावर उभा राहून हाका मारून राह्यला होता, वेचणी सोडा, घरी चाला. आमच्यातली तानाबाई म्हणे, आजची मजुरी तू देशीन का रे? तरी हटेच ना. आत्तापर्यंत आमच्या मागं तं होता…"

तिनं वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता.

त्या रात्री मी तिच्याजवळच अंथरूण टाकलं. तिचा श्वास ऐकत शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागसेननं येऊन कॉम्प्युटरला निळीचा रस्ता पक्का करून दिला आणि हिरवी वायर परत जोडली. जोडताच त्या वायरीवरून एक निरोप आला.

'पोरी घरी पोचल्या का?'

नागसेन खुर्ची मागे सारून उभा राहिला. निरोप्याला ताटकळत ठेवायची आमच्याकडे रीत नाही. मी 'पोचल्या' असं लिहिलं आणि हिरव्या वायरीनंच पाठवलं.