वाऱ्याचा मनोरा कुणी बंद केला?

"पहिलं ठिकाण किल्ला, दुसरं जामा मशीद, तिसरं खाडी," जुलेखाने वहीत आकडे घातले. "चौथं काय लिहू?"

"आपलं घर लिही," युसुफ म्हणाला. "दुबईतली सगळ्यात गरम खोली. बघायला या आणि भाजून जा."

रफिक हसला, जुलेखा हसली नाही. अब्बांच्या ऑफिसातल्या इंग्रज साहेबाने त्यांना आपल्या गावाचं एक चित्रांचं पुस्तक दिलं होतं. त्यात भलंमोठं कॅथीड्रल होतं, गावाभोवतीचा तट होता, तीनशे पायऱ्यांचा मनोरा होता, आणि प्रत्येक चित्राखाली पाहुण्याने काय बघावं ते छापलं होतं. तेव्हापासून दुबईचं तसंच पुस्तक करायचं, असं जुलेखाच्या डोक्यात बसलं होतं. वय अकरा, पण एकदा डोक्यात बसलं की बसलं.

वेळ मात्र थोडा उरला होता. रफिक आणि त्याची बहीण जुलेखा मे महिन्याच्या सुट्टीत अम्मी आणि बाळाबरोबर रत्नागिरीहून आगबोटीने आले होते, तेही वर्षभराने अब्बांना भेटायला. पहिला आठवडा मजेत गेला. त्यांच्या खोलीवर उंच चौकोनी मनोरा होता, चारी बाजूंनी उघडा. तो वरचा वारा पकडायचा आणि खाली खोलीत सोडायचा. त्या गल्लीत अजून वीज आली नव्हती, त्यामुळे घरोघरी असे मनोरे होते. पण गेल्या शुक्रवारपासून यांच्या खोलीत वारा उतरेनासा झाला. पाच महिन्यांच्या बाळाच्या पाठीवर घामोळं उठलं, त्याचे फोड झाले. ते दूध घेईना. अम्मी ओल्या फडक्याने त्याला टिपत बसायची आणि घटकाघटकाला कपाळाला हात लावून बघायची. शेवटी अब्बांनी सांगून टाकलं, की गुरुवारच्या बोटीने सगळ्यांनी परत जायचं.

आज मंगळवार होता.

वारा कुठे गेला, हे रफिकने सगळ्यांना विचारून झालं होतं. अब्बा म्हणाले, ऋतूच असा, वारा पडतो. त्याच घरात वरच्या मजल्यावर राहणारे युसुफचे वडील गनीचाचा म्हणाले, मनोरा जुना झाला असेल. घरमालक उन्हाळ्यापुरता खजुराच्या बागेत राहायला गेलेला. विषय खलास.

किल्ल्यात पहारेकऱ्याने आत सोडलं नाही, म्हणून जुलेखा बाहेर बसून बुरुजाचं चित्र काढू लागली. वहीचं पान जागेवर राहीना. रफिकने ते अंगठ्याने दाबून धरलं आणि तसाच थांबला.

"वारा पडलाय ना?" तो म्हणाला. "मग हे पान कशाने उडतंय?"

तिघांनी वर पाहिलं. बुरुजावरचं निशाण फडफडत होतं.

"यल्ला, खाडीवर चला," युसुफ म्हणाला. पाण्यातून सगळे मनोरे एका रांगेत दिसतात, हे इथेच वाढलेल्या युसुफला ठाऊक होतं. पैलतीरी माणसं नेणाऱ्या छोट्या होडीत, अब्रात, तिघं दाटीवाटीने बसली. मधोमध आल्यावर जुलेखाने पेन्सिल काढली. प्रत्येक मनोऱ्याच्या वर उभी भोकं होती, आतून काळीकुट्ट. काळी, काळी, काळी. एकाच मनोऱ्याची भोकं पांढुरकी होती.

"तो आपला," रफिक हळूच म्हणाला.

घरी येऊन मुलांनी कामं वाटून घेतली. मनोऱ्याकडची गच्ची युसुफच्या घरातल्या बायकांची. तिथे परका पुरुष जात नसे, म्हणून अब्बांनीही ती कधी पाहिली नव्हती. युसुफ आणि जुलेखा वर गेली. रफिक खाली मनोऱ्याच्या तोंडाशी उभा राहिला.

वर मनोऱ्याच्या चारी बाजूंना होडीचं जाड शीड घट्ट बांधलेलं होतं. बाजूला माणूस वाकून जाईल एवढी खिडकी होती. जुलेखाने आत डोकं घातलं. आतल्या वाशांवर फळ्या टाकून वर पोत्यांची चळत लावली होती. कांदे, सोडे, आमसुलं, टोपलीत सुके बांगडे. तिने एक पोतं हलवलं, तर खालून रफिक ओरडला, की डोक्यावर कांद्याची सालं पडताहेत.

"अरे, ही तर आगोटीची बेगमी!" जुलेखा म्हणाली. पावसाळ्याआधी त्यांच्या घरच्या माळ्यावरही अशीच चळत लागायची.

युसुफची दादी, मरियमबी, दोनच महिन्यांपूर्वी हर्णैहून कायमची इथे आली होती. "दादीला कुणी बोलायचं नाही," युसुफ म्हणाला. "मी सांगतोय, कुणीही नाही."

"बोलणार कशाला? विचारू."

मरियमबी खाली अंगणात सावलीला बसली होती. जुलेखा तिच्याजवळ टेकली. "दादी, आगोट झाली का तुमची?"

मरियमबीचा चेहरा फुलला. माळा काय मस्त मिळाला, उंच नि कोरडा, असं ती सांगत सुटली. गनीकडून वर शीडही बांधून घेतलंय, थेंब आत जायचा नाही.

"आणि इथे पाऊस कधी लागतो, दादी?"

मरियमबीने तोंड उघडलं. मग वर पाहिलं. आभाळ तापलेल्या पत्र्यासारखं होतं.

"पन्नास वर्षं हात हेच करत आले गं," ती म्हणाली. "युसुफ, तुझ्या बापाला बोलव."

गनीचाचा आले आणि कानाच्या पाळ्या चोळत उभे राहिले. आईने सांगितलं, आपण बांधलं, पुढचा विचारच केला नाही, असं ते पुटपुटले. मरियमबीने त्यांनाच वर पिटाळलं. शीड सुटलं, पोती हलली, फळ्या निघाल्या. खाली खोलीत आधी धुरळा पडला, नंतर सालं, आणि मग वारा उतरला. कोपऱ्यातल्या दोरीवरची बाळाची दुपटी हलायला लागली.

मरियमबी स्वतः खोलीत आली. बाळाची पाठ पाहून तिने पदराने डोळे पुसले आणि झुबेदाचे, म्हणजे अम्मीचे, दोन्ही हात धरले. अम्मी म्हणाली, राहू द्या खाला, तुमच्या हातची बांगड्यांची आमटी तेवढी पाठवा.

बुधवारी दुपारी बाळाने पोटभर दूध घेतलं. फोड सुकायला लागले होते. अब्बा गुरुवारची तिकिटं घेऊन बोटीच्या ऑफिसात गेले आणि ती रद्द करून परत आले. त्यांनी तिन्ही मुलांना समोर बसवलं.

"मी ऋतूला दोष दिला, गनीने मनोऱ्याला," ते म्हणाले. "वर मान करून पाहिलं ते तुम्ही. शाबास. आणि पाहून झाल्यावर म्हाताऱ्या माणसाचा मान राखलात, त्याबद्दल दुप्पट शाबास."

युसुफ लाजला. रफिक म्हणाला, आता सुट्टी संपेपर्यंत बांगडेच खायला लागणार.

अम्मी काय म्हणते, म्हणून जुलेखाने वळून पाहिलं. अम्मी बाळाच्या पाठीवर हात ठेवून तिथेच आडवी झाली होती, आणि शुक्रवारपासून पहिल्यांदाच तिला गाढ झोप लागली होती.