लेनामावशीच्या नावावर खपवलेली धून

पॅरिश हॉलच्या दारात मी छत्री झटकली, तर सगळं पाणी एका अनोळखी माणसाच्या फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, पेटीवर उडालं.

"क्लेअरमध्ये पाहुण्यांचं स्वागत असंच करतात का?"

"फक्त डोनेगॉलच्या पाहुण्यांचं." त्याच्या उत्तरेकडच्या बोलण्यावरूनच ओळखलं होतं मी.

तो कॉनल. आमच्या आणि त्यांच्याकडच्या वादकांची मिळून एक तबकडी निघणार होती, तिचं ध्वनिमुद्रण चार दिवस हॉलमध्येच होतं. मी कॉन्सर्टिना, ती हातात धरायची छोटी भात्याची पेटी, वाजवायचे – संथ, आमच्या गावासारखी. तो मात्र भरधाव सुटायचा.

"कुत्रं लागलंय का रे मागे?"

"कुत्रं नाही, तू मागे राहतेस... ये ना सोबत."

तिसऱ्या दिवसापर्यंत त्याचा गज माझ्यासाठी सावकाश चालू लागला. आणि मी घरी बसून एक धून बांधली. शनिवारी तो बोस्टनला कामावर जाणार होता. कायमचा.

शेवटच्या दिवशी ती वाजवली. दुसऱ्या फेरीला कॉनल अलगद खालच्या सुरांत शिरला. ऐकता ऐकताच शिकला... माझ्या बोटांकडे न बघता, चेहऱ्याकडे बघत.

बासरीवाल्या मार्टीकाकांनी वही उघडली. धून कोणाकडून घेतली हे आमच्यात सांगावंच लागतं, आणि ते तबकडीच्या वेष्टनावर छापायचं होतं.

"कोणाकडून गं, डेरव्हला?"

"लेनामावशीकडून."

"लेनाकडून? तिला जन्मात नाचाचा एक पोल्का वाजवता यायचा, तोही अर्धा! मेलेल्या बाईवर कशाला आळ घेतेस पोरी?"

सगळे हसले. कॉनल नाही हसला.

"खरं सांग ना..." तो हळूच म्हणाला.

मावशीचंच नाव छापलं गेलं असतं, तर काही न कळताच तो निघून गेला असता.

"माझीच आहे," मी म्हटलं. "मंगळवारी रात्री केली. दुपारी तू इथे चहा हातात घेऊन खुर्चीतच झोपला होतास... तेव्हा सुचली."

छपरावर पाऊस वाजत होता. माझे कान तापले होते.

"काका," कॉनल म्हणाला, "टपाल कचेरी किती वाजता बंद होते?"

"साडेपाचला. का रे?"

"बोस्टनला तार करायचीय. येत नाही म्हणून."

"मग बसलायस काय? पळ!"

ज्या फिडलला तो कोणाला बोट लावू देत नसे, ती त्याने माझ्या मांडीवर ठेवली आणि पावसात पळत सुटला.