नेहमी खोटं बोलणारा भाऊ

मोडून सांधलेल्या पायाला पुन्हा चालायची सवय व्हावी म्हणून बाबा दवाखान्यातल्या दांड्यांना धरून पावलं टाकत होते. बाकावर बसून त्यांची लेक त्यांना रविवारच्या पुरवणीसाठी रचलेलं कोडं वाचून दाखवत होती. तिच्या कोड्यांचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बाबा.

"फाट्यावर दोन भाऊ. एक नेहमी खरं बोलतो, एक नेहमी खोटं. प्रश्न एकच विचारायचा. गावाची वाट कशी ओळखाल?"

"मी विचारीन, खोटं बोलणाऱ्याला भीती कुणाची वाटते?"

तिनं वर पाहिलं. नवा फिजिओथेरपिस्ट. दुमडलेल्या बाह्या, डोळ्यांत मिश्कील हसू... आगाऊ कुठला!

"कोड्यात भीतीबिती नसते, डॉक्टर. तो खोटंच बोलतो, हे गृहीत धरायचं."

"तिथंच माझी गाडी अडते, कोडेबाई. नेहमी खोटं बोलणारा माणूस मला अजून भेटला नाही. पण 'दुखतंय का?' विचारलं की भलेभले थापा मारतात. लेक समोर असली, तर विचारूच नका."

बाबा एकदम भिंतीकडे बघू लागले.

बाबा कधी खोटं बोलत नाहीत, हे ती लहानपणापासून धरून चाललेली. ते 'नाही दुखत' म्हणत, म्हणून रोज संध्याकाळी ती त्यांना आणखी एक फेरी मारायला लावायची.

"बाबा... खरं सांगा."

"दुखतं गं," ते पुटपुटले. "तू कामधाम सोडून माझ्यापाशी बसतेस. म्हटलं, तुला लवकर मोकळं करावं."

व्यायाम बदलले. सूज उतरली, पाय नीट टेकू लागला. ती मात्र रोज नवं कोडं घेऊन येतच राहिली. डॉक्टरांची उत्तरं एकजात चुकीची, आणि ती ऐकल्याशिवाय तिला चैन पडेना.

शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "आभार मानायला थांबलेय. तुम्ही नसता, तर मायेपोटी मीच बाबांचा पाय अधू करून बसले असते."

"बस्स, एवढंच?"

"एवढंच." तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "...नाही. थाप मारली. तुम्ही आवडता मला. फार."

एरवी बोलण्यात न हरणारा तो टॉवेलची घडी घालत राहिला, मोडत राहिला.

"मी आपला समजत होतो... तुम्ही फक्त बाबांसाठी येता."

"म्हणजे तुम्हीसुद्धा गृहीत धरता तर!"

"माणूसच आहे हो," तो म्हणाला, आणि हलकेच तिचा हात हातात घेतला.

काठी टेकत दारापर्यंत गेलेले बाबा मागं न वळता म्हणाले, "जिना मी एकटा उतरतो. तुम्ही दोघं या सावकाश."

ती धावली नाही. डोळे भरून आले, तरी जागची हलली नाही. पायऱ्या उतरणारी ती पावलं शेवटपर्यंत ऐकत राहिली.