ओल्या रंगावरचं बोट

“ब्रश खाली ठेव, बोनी. तिथे तुझं नाव येणार नाही.”

एर्लिंडाचा आवाज चढला नव्हता, पण आयुष्यात पहिल्यांदाच तो असा सरळ, ताठ उभा राहिला होता! रस्सा ढवळायचा डाव हातात तसाच घेऊन ती स्वयंपाकघरातून थेट मागच्या शेडच्या दारात आली होती, आणि डावातून लाल मिरचीचे थेंब उंबऱ्यावर ठिबकत होते. आत दोन लाकडी घोड्यांवर गाडीच्या तोंडावरची जाळी आडवी ठेवलेली होती. तिच्या बापाच्या, एलिहिओ आर्चुलेटाच्या जुन्या शेवरोलेची, ज्या गाडीतून तिची आई नवरी होऊन या अंगणात उतरली त्याच गाडीची जाळी! तिच्या मागच्या बाजूला, वरच्या पट्टीवर एलिहिओचं नाव होतं, तरुणपणी त्याने स्वतः लिहिलेलं. त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर आज तिच्या भावाचा, बोनीचा ब्रश टेकायचाच बाकी होता.

उद्या ईस्टर. उद्या एस्पॅनोला गावातल्या साऱ्या जुन्या, जमिनीला पोट टेकवून चालणाऱ्या गाड्या मोठ्या रस्त्याने संथपणे मिरवायच्या, आणि कित्येक वर्षांनी म्हाताऱ्याची गाडी सगळ्यांच्या पुढे असायची.

एलिहिओचा बाप पत्र्याचा कारागीर. पत्र्याला ठोके देऊन तो संतांच्या तसबिरींच्या चौकटी घडवायचा. बापाच्या पत्र्यावरची ती ठोक्यांची नक्षी लेकाने रंगातून उतरवली. गंज खाल्लेल्या, चमक गेलेल्या जाळीवर तो पिचकारीने असा चंदेरी रंग मारायचा, की वाळता वाळता त्यावर आपोआप बारीक खळगे पडायचे आणि बघणाऱ्याला वाटायचं, कुणी चांदीच ठोकून बसवली आहे. थर पातळ पडला तर खळगे उमटत नाहीत, जाड पडला तर रंग ओघळतो. सगळा खेळ हाताच्या चालीचा. दूरदूरचे लोक गाड्या घेऊन यायचे, दारात टोपी काढून हातात धरायचे आणि उस्तादाला हाक मारावी तसं विचारायचे, “मायेस्त्रो, माझ्या गाडीला हात लावाल का?” ही तिथली रीतच होती. टोपी डोक्यावर ठेवून विचारणाऱ्याला एलिहिओने सरळ फाटक दाखवलेलं आहे. घरात त्याचे नियम दोनच. शेवटचा थर ज्याचा, नाव त्याचं. आणि ओल्या रंगाला बोट लावायचं नाही, मग तो साक्षात बिशप का असेना.

पुढे म्हाताऱ्याचे डोळे साखरेने नेले आणि छाती रंगाच्या वाफेने. डॉक्टरांनी शेडमध्ये पाऊल टाकायला बंदी केली. तेव्हापासून तो बाहेर कॉटनवूडच्या झाडाच्या सावलीत खुर्ची टाकून बसायचा, बंद दाराआडून पिचकारीचा एकसंध, रेशमासारखा आवाज यायचा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो अभिमानाने सांगायचा, ऐका, हा माझा बोनी.

हाय रे दैवा... तो बोनी नव्हताच! दारूने बोनीचा उजवा हात कायमचा कापरा करून टाकला होता. दारू सुटली, कंप सुटला नाही. मरणाच्या दारात आईने एर्लिंडाचा हात घट्ट धरला होता. तुझ्या बापाचा सारा जीव त्या पोराच्या हातात आहे ग, त्याला सांगू नकोस, तू सांभाळून घे! एर्लिंडाने सांभाळून घेतलं. तिच्याशी लग्न करून कोलोराडोला संसार थाटायला निघालेला फर्मीन काही दिवस थांबला, मग एकटाच निघून गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तिने ती मूठ वर्षानुवर्षं झाकून धरली. रंग तिने मारायचा, नाव बोनीने लिहायचं, आणि स्वयंपाकघरात परत येऊन हातावरचा चंदेरी रंग घासत तिने बापाच्या तोंडून बोनीचं कौतुक ऐकायचं!

तेही ती ऐकत राहिली असती. पण आज सकाळी कॉफी पिता पिता एलिहिओने जाहीर केलं, की या जाळीवर ज्याचं नाव, शेड त्याची आणि गाडीही त्याचीच. मग पाव मोडत सहज म्हणाला, एर्लिंडाचं काय, तिला दोन घास घालायला बोनी आहेच की. ते दोन घास तिच्या घशात अडकले ते अडकलेच.

“डोकं फिरलंय का तुझं?” काठी आपटत म्हातारा दारापाशी आला. “शेडमधल्या कामाशी तुझा काय संबंध?”

“काही नाही, अपा,” ती म्हणाली. “म्हणूनच माझं जे आहे ते मी परत घेते.”

डाव खाली ठेवून तिने थिनरचा डबा उचलला, चिंधी भिजवली आणि जाळी उलटून तिच्या पुढच्या बाजूवरून खसाखसा फिरवायला सुरुवात केली. दोन दिवसांचा कोवळा रंग तो, चिखलासारखा सुटून आला. बोनी धावला, पण तिच्या डोळ्यांत पाहून जागीच थबकला. तिच्या मनात एकच आक्रोश होता... आई, मी शब्द मोडत नाही. सांगणार नाही असं कबूल केलं होतं, सांगत नाही. पण खोटं नाव तुझ्या गाडीवर मी चढू देणार नाही!

थिनरचा वास येताच एलिहिओ हादरला. म्हणाला, बोनी, हिच्या नादी लागू नकोस, पुन्हा मार. तुझ्या डाव्या हातचा मळ आहे तो.

बोनीने बहिणीकडे पाहिलं. ती बाजूला झाली आणि पिचकारी त्याच्यापुढे धरली.

दार बंद झालं. एर्लिंडा बापाशेजारी उभी राहिली. आतून आवाज आला... फस्स... तुटला... पुन्हा फस्स, लांबला, घसरला. म्हाताऱ्याची मान हळूहळू दाराकडे वळली आणि काठीवरची पकड घट्ट झाली.

“आत कोण आहे?” त्याने विचारलं.

“मी आहे, अपा,” आतून बोनी म्हणाला.

“मग रोज कोण असायचं?”

पिचकारी थांबली. दार उघडून बोनी बाहेर आला आणि बापाच्या पायाशी कोसळला. “माझा हात केव्हाच मेला, अपा... सगळं हिचं होतं. मी नुसता नाव लिहीत राहिलो. भित्रा आहे मी!” तो लहान मुलासारखा हुंदके देत होता. एर्लिंडाचे डोळे भरून आले, पण तिने ते वाहू दिले नाहीत.

एलिहिओ नजर नसलेले डोळे अंगणाकडे लावून रुक्षपणे म्हणाला, “ठीक आहे. एर्लिंडा, जा, मार रंग.”

“नाही.”

“काय?”

“इतकी वर्षं कुणी न विचारता मारला. आज विचारल्याशिवाय मारणार नाही.”

“बापाने लेकीपुढे हात पसरायचे?”

“पसरू नका. कुणाच्याही दाराशी उभं राहून माणूस जसं विचारतो, तसं विचारा. नाहीतर उद्या गाडी जाळीविना जाईल, किंवा जाणारच नाही.”

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही! म्हातारा काठी टेकत घरात निघून गेला. चुलीवरचा रस्सा खाली लागला, टेबलावर सणाचा गोड पानोचा गार झाला, कुणी ताटाला शिवलं नाही. एर्लिंडा मात्र शेडमध्येच बसली. बोनीने ओघळवलेला रंग तिने पुसला, पट्टी न् पट्टी घासली. आपण म्हाताऱ्या बापाला फार छळलं का, असं मन विचारायचं, आणि हात तेवढ्याच जोराने चिंधी फिरवायचे. नाही! आता माघार नाही.

ऊन कलताना अंगणात काठी वाजली. एकटीच, चाचपडत. बोनी आधाराला उठला, पण म्हाताऱ्याने त्याला हातानेच दूर केलं. शेडच्या दारात येऊन तो थांबला. बाहीने कपाळ पुसलं. मग त्याने हळूच डोक्यावरची टोपी काढली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली. विरळ पांढरे केस वाऱ्याने उडत होते.

“मायेस्त्रा,” एलिहिओ आर्चुलेटा म्हणाला. “माझ्या गाडीला हात लावाल का?”

जन्मदात्याने लेकीला ‘तुम्ही’ म्हटलं होतं! धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडावं, असं एर्लिंडाला फार वाटलं. पण मायेस्त्रो असं काही करत नसतो. तिने इतकं सोसून मिळवलेला हा क्षण रडून वाया घालवला नाही.

“लावते,” ती म्हणाली. “नाव माझं येईल.”

“शेवटचा थर ज्याचा, नाव त्याचं. नियम माझाच आहे, पोरी... मीच विसरलो होतो.”

“आणि उद्या गाडी मी चालवणार.”

“चालव. आम्ही दोघं मागे बसतो.”

तिने दार लावून घेतलं. बाहेर बापलेक खुर्चीशी उभे होते. आणि तो आवाज सुरू झाला, एकसंध, शांत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न तुटणारा. तो आवाज एलिहिओने आजवर शेकडो वेळा ऐकला होता. आज मात्र तो मान खाली घालून ऐकत होता, आणि टोपीवर टपटप आसवं पडत होती.

रंग वाळला, चांदीवर खळगे उमटले. वाफ निवली तशी तिने जाळी बाहेर अंधारल्या अंगणात आणून उलटी केली. बोनीने दिवा धरला. त्याचा हात थरथरत होता, म्हणून त्याने दुसऱ्या हाताने तो घट्ट आवळून धरला. बापाच्या नावाशेजारी, लाल रंगात, एर्लिंडाने सावकाश लिहिलं... एर्लिंडा आर्चुलेटा.

“लिहिलंस?” म्हाताऱ्याने विचारलं.

“लिहिलं. वाळू द्या, अपा.”

पण त्याला कुठला धीर! त्याचं बोट पुढे आलं, आपल्या नावावरून सरकत, चाचपत, थेट ओल्या अक्षरांवर गेलं. एक एक अक्षर करत ते शेवटपर्यंत पोचलं, आणि शेवटचं अक्षर फरकाटलं.

बोनी ओरडला, “अपा, ओलं आहे! एर्लिंडा, पुसून परत लिही, पटकन.”

एर्लिंडाने बापाच्या लाल झालेल्या बोटाकडे पाहिलं. मग ब्रश थिनरच्या डब्यात बुडवून ठेवला आणि डब्याचं झाकण लावलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “ते त्यांनी वाचलंय.”